जमीन माझी, खालचं कोणाचं? सोलापूर जिल्ह्यातल्या जमीनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातबाऱ्यावर नाव चढलं की ढगापासून पाताळापर्यंत सगळं आपलं, अशी आपल्याकडची समजूत. मी तहसीलच्या आवारात अर्ज, म्हणणं आणि अपिलं लिहून देण्याचं काम करतो. कोणी मुरमाच्या दंडाची नोटीस घेऊन येतो, कोणी सामाईक विहिरीचं भांडण आणतो, कोणाला जुन्या घराचा पाया उकरताना तांब्याचा हंडा लागलेला असतो. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची माणसं जे विचारतात, तेच इथे घेतलं आहे.

जमीन माझ्या नावावर आहे. मग तिच्याखालचं सगळं माझंच ना?

नाही. पण "खालचं सगळं सरकारचं" हेही खरं नाही. आधी विचारायचं ते हे, की खाली आहे तरी काय. शेतातली काळी माती, झाडाची मुळं, तुम्ही बांधलेली विहीर, तुम्ही पुरलेली पाइपलाइन तुमची. मुरूम, डबर, वाळू, खडीचा दगड ही गौण खनिजं, त्यांवर हक्क राज्य सरकारचा. तीच काळी माती वीटभट्टीला किंवा रस्त्याच्या भरावाला विकली, की ती गौण खनिजात जाते. खडकात झिरपणारं पाणी उपसायचा हक्क तुमचा, पण बंधनांसह. आणि पुरलेल्या धनाला १८७८ चा स्वतंत्र कायदा लागतो.

एकाच दहा गुंठ्यांत असे चार-पाच कायदे एकावर एक बसलेले असतात. म्हणून "माझ्या जमिनीत आहे" एवढं म्हणून कुठल्याही कार्यालयात भागत नाही.

खनिज सरकारचं, हे कुठे लिहिलंय?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम ४८. हा कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू आहे. जमिनीच्या वर असो वा खाली, शेतात, बांधात, नाल्यात, नदीपात्रात, जुन्या खाणीत, कुठेही सापडणाऱ्या खनिजाचा हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे काही स्वातंत्र्यानंतर सुचलेलं नाही. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ६९ नेही सारा भरणाऱ्या जमिनींतल्या खनिजाचा हक्क सरकारकडे ठेवला होता. आपल्या पणजोबांनी जमीन घेतली तेव्हाही खालचा दगड त्यांना मिळालेला नव्हता.

त्याच कलम ४८ मधली शेतकऱ्याच्या बाजूची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. खनिज काढण्यासाठी शासनाने किंवा शासनाच्या पट्टेदाराने (खनिज काढायचा पट्टा घेतलेल्याने) तुमची जमीन अडवली, तिचं नुकसान केलं, तर पृष्ठभागाच्या हक्काची भरपाई द्यावी लागते आणि ती जिल्हाधिकारी ठरवतात. दगड सरकारचा असला तरी त्यावरचं ज्वारीचं रान तुमचं आहे.

सुप्रीम कोर्टाने तर खनिज जमीनमालकाचं असं सांगितलंय. व्हॉट्सअपवर आलं होतं.

तो निकाल खरा आहे, मेसेज अर्धा आहे. ८ जुलै २०१३ रोजी थ्रेसियम्मा जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, की जमिनीखालची सगळी संपत्ती आपोआप राज्याची होते असा कोणताही सर्वसाधारण नियम आपल्या देशात नाही. उलट, रीतसर कायदेशीर मार्गाने हक्क काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालच्या खनिजाची मालकी जमिनीच्या मालकीमागे जाते. प्रकरण केरळमधल्या मलबार भागातलं होतं. तिथल्या जन्मी, म्हणजे वंशपरंपरागत मालकीच्या जमिनींत खालचा हक्कही मालकाकडेच असल्याचं जुन्या कागदांवरून दिसत होतं.

आपल्याकडे मात्र तो "कायदेशीर मार्ग" झालेला आहे, म्हणजे कलम ४८. त्यामुळे हा निकाल घेऊन कोणी "आता मुरूम आपलाच, बिनधास्त काढा" म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. दंड झाला की तो मेसेज पाठवणारा येत नाही.

२५ जुलै २०२४ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाबद्दलही विचारणा होते. रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, ती खनिज काढण्याच्या हक्काबद्दल पट्टेदाराने द्यायची रक्कम आहे, आणि खनिज असलेल्या जमिनीवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, असं त्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरलं. तुमच्या शेतातल्या मुरमाचा मालक त्याने बदललेला नाही.

आमची जमीन इनामी आहे, सनद आहे. आम्हालाही हेच लागू?

सनद आधी वाचून घ्या. पूर्वीपासून चालत आलेला हक्क अजून शाबूत असल्याचं दाखवता आलं, तर तुमची बाजू वेगळी ठरू शकते. सनदेत खाणी, दगड किंवा जमिनीखालच्या वस्तूंचा उल्लेख असेल तर तो कागद सोन्यासारखा आहे. मात्र पुढे इनाम रद्द करणारे कायदे आले, तेव्हा त्या हक्काचं काय झालं हे फेरफारांवरून पाहावं लागतं. मोडी वाचणारा जाणकार आणि दिवाणी कोर्टातला वकील, दोघे लागतील. हे काम तहसीलमध्ये अर्ज देऊन होणारं नाही.

शेतातला मुरूम रस्त्याच्या ठेकेदाराला दिला तर चालतं का?

परवाना असेल तर चालतं. नसेल तर हाच प्रश्न सगळ्यात जास्त घरं अडचणीत आणतो, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्या चुलत्यांची जमीन मोहोळ तालुक्यात आहे. बांधाकडेला माळरानाचा उंचवटा, तिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. रस्त्याचं काम चालू होतं. ठेकेदाराचा माणूस आला, म्हणाला, "अण्णा, एवढं टेकाड सपाट करून देतो. पैसे तुम्ही द्यायचे नाहीत, आम्हीही देणार नाही." अण्णांना वाटलं, फुकटात रान होतंय. तीन दिवस पोकलेन चालला, हायवा ये-जा करत राहिले. कागद एकही झाला नाही. आठ महिन्यांनी नोटीस आली ती अण्णांच्या नावाने. खड्ड्याची मोजणी, त्यावरून ब्रास (मुरूम मोजायचं माप), त्यावरून दंड, आणि दंड भरला नाही म्हणून सातबाऱ्यावर बोजा. सोसायटीने पीककर्जाला नकार दिला, तेव्हा कुठे घरात कळलं काय झालं ते. ठेकेदार तोवर पुढच्या कामावर गेला होता.

पुतण्याच्या मोबाइलमध्ये हायवाचा एक फोटो निघाला. नंबरप्लेट स्पष्ट, खाली तारीख. शिवाय त्याच जागी पूर्वीपासून एक जुनी खदान होती आणि मोजणीत ती सगळी नव्या खड्ड्यात धरली गेली होती. जुन्या वर्षाचं उपग्रहाचं चित्र जोडलं, शेजारच्या दोघांचे जबाब दिले. अपिलात फेरमोजणी झाली, जुन्या खदानीचा भाग वजा झाला, दंड निम्म्याच्या आसपास आला. उरलेला मात्र भरावाच लागला. त्या दोन वर्षांत अण्णांनी किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय.

म्हणून मुरूम द्यायचा असेल तर अल्प मुदतीचा परवाना आधी निघू द्या. खाजगी जमिनीत मालकाचं संमतीपत्र लागतं, ते तुमच्या सहीशिवाय होत नाही. तीच तुमची अट घालायची जागा. गट नंबर, किती ब्रास, किती खोल, कोणत्या तारखेपर्यंत, रॉयल्टी कोण भरणार, खड्डा बुजवून उतार कोण देणार, सगळं स्टॅम्प पेपरवर घ्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे डोक्यात असू द्या. खणण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, कडेला टेप धरून. प्रत्येक गाडीला शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीचा वाहतूक पास लागतो. पासाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

विहिरीचा, शेततळ्याचा मुरूम-डबर माझ्याच बांधाला टाकला तर?

आपल्याच शेतात, आपल्याच शेतीच्या कामाला वापरलात तर घाबरायचं कारण नाही. गाडी गटाबाहेर पडली, पैसे हातात आले, की रॉयल्टी आणि पास दोन्ही लागतात. विहिरीला सुरुंग लावायचा असेल तर परवानाधारक ब्लास्टरच बोलवा. वस्तीजवळ तर नक्कीच.

दंडाची नोटीस आली आहे. आता?

गप्प बसू नका. नोटीस घ्यायची टाळाटाळही करू नका. कलम ४८(७) खाली बेकायदा काढलेल्या खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि पोटकलम (८) खाली वाहनं, यंत्रं जप्त होतात. पण आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. नोटिशीत दिलेल्या तारखेला लेखी म्हणणं द्या, पोच घ्या. पंचनाम्याची आणि ईटीएस (यंत्राने केलेल्या) मोजणीच्या नकाशाची नक्कल मागा. पंचनाम्यात तुमची सही आहे का, पंच कोण आहेत, खड्डा तुमच्याच गटात आहे का शेजारच्या, जुनं उत्खनन वेगळं दाखवलंय का, हे तपासा. खनिज नेलं दुसऱ्याने असेल तर त्याचं नाव, गाडी नंबर लिहून द्या. ज्याने खनिज काढलं, नेलं त्याच्यावर हे कलम बोट ठेवतं. जमीन कोणाची एवढ्यावर सगळं ठरत नाही.

तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं, मुदत ६० दिवस. साठावा दिवस उलटून आलेली माणसं बघून मला फार वाईट वाटतं. अपिलासोबत वसुलीला स्थगिती मागायचा वेगळा अर्ज द्या, नाहीतर अपील चालू असतानाच बोजा चढतो.

जुळे सोलापुरात प्लॉट आहे. पाया खोदला, माती निघाली. तिची रॉयल्टी मागतात.

आपल्याकडे काळी माती फुगते-आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि मातीचा ढीग भरपूर निघतो. ३ डिसेंबर २०१४ ला पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा तपासला. साधी माती गौण खनिज ठरते ती भरावासाठी, सपाटीकरणासाठी वापरली तर. नुसती खणली म्हणून नव्हे. पुढे राज्याच्या नियमांतही आलं, की प्लॉट विकसित करताना निघालेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर रॉयल्टी नाही. जोतं भरायला, आवार सपाट करायला वापरा. ट्रॅक्टरने दुसरीकडे पाठवायची असेल तर परवानगी घ्या.

बोअर किती खोल घेता येतो? माझं पाणी आहे, मी उपसणार.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये म्हटलंय, की ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, जमिनीत झिरपलेलं पाणी आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क प्रत्येक मालकाला आहे. तुमचं म्हणणं तिथून येतं. पण त्यावर आता महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ बसला आहे, १ जून २०१४ पासून लागू. त्यात ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर. ६० मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. त्याखाली जाण्याला हा कायदा आडवा येतो. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन, हेही आहे. टंचाई जाहीर झाली की उपशावर निर्बंध येऊ शकतात आणि गावाच्या टँकरसाठी तुमची विहीर अधिग्रहित होऊ शकते. अधिग्रहणाचा लेखी आदेश घ्या, मोबदला त्यावरच मिळतो.

आणि प्रत्यक्षात काय चालतं ते सांगोला, मंगळवेढ्यात जाऊन बघा. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की चुना टाकतो. रात्री गाडी येते. दोनशेला नुसता फुफाटा, तीनशेला फुफाटा, चारशेला गाडीवाला विचारतो, "मालक, अजून घालू का?" डाळिंबाची बाग समोर वाळत असते, माणूस हो म्हणतो. सहाशेला पहाटे बोअर कोरडा जातो आणि कर्ज उरतं. आपला खडक काळा पाषाण, लाव्ह्याचे थर. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. जितकं खोल तितकं जास्त, हे या खडकात खरं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला आधी विचारा. पाणाड्याला दिलेले पैसे परत येत नाहीत.

शेजाऱ्याने माझ्या विहिरीजवळ बोअर घेतला आणि माझं पाणी गेलं. केस करू?

झिरपणाऱ्या पाण्यावर त्याचाही तुमच्याइतकाच हक्क आहे, त्यामुळे एवढ्या कारणावरून भरपाई मिळणं अवघड. त्याचा बोअर सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत असेल किंवा खोलीचं बंधन मोडत असेल, तर तक्रारीला जागा आहे. दोन विहिरींत दीडशे मीटर अंतर हवं, असं लोक सांगतात. ती अट मनरेगासारख्या अनुदानाच्या विहिरींची आहे, स्वखर्चाच्या विहिरीला लावून भांडू नका.

वाटणी झाली, विहीर भावाच्या वाट्याला गेली. माझं पाणी संपलं?

वाटणीपत्रात आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीतला हिस्सा लिहिलेला असेल तर नाही. "सामाईक विहीर, हिस्सा १/३" एवढी ओळ पुढच्या पिढीचं भांडण वाचवते. पाळी, मोटारीची जागा, पाइप कोणत्या बांधाने जाणार, गाळ काढायचा खर्च, हेही लिहा. भावाने पाइप तोडला, पाळी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. हिस्साच नाकारला तर दिवाणी कोर्ट.

नदीवरून पाणी आणायचं आहे, मधला शेतकरी पाइप पुरू देत नाही.

महसूल अधिनियमाचं कलम ४९ यासाठीच आहे. तहसीलदारांकडे अर्ज करा. ते मधल्या शेतकऱ्याचं ऐकून घेऊन परवानगी देऊ शकतात. पाइप शक्यतो जवळच्या मार्गाने आणि किमान अर्धा मीटर खोल पुरायचा, नुकसानीची भरपाई द्यायची. पण अर्जाआधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. भीमा-सीनेच्या काठावरच्या कित्येक लाइनी ओट्यावर बसून ठरल्या आहेत. ठरलेलं तेवढं कागदावर घ्या.

शेतातून तेलाची पाइपलाइन जाणार म्हणतात. जमीन गेली का?

नाही. पाकणीला तेलाचा डेपो आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याने कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी तुमचीच राहते. अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस. पिकाचं, बांधाचं नुकसान मिळतंच, शिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के. नंतर त्यावर ज्वारी, हरभरा घ्या. घर, विहीर, तळं, झाडं मात्र नाहीत. डाळिंब किंवा आंब्याची बाग लावायचा विचार असेल तर तो हरकतीतच लिहा.

महामार्गात जमीन जातेय. खालच्या दगडाचे पैसे मिळतील?

दगडाचे नाहीत, कारण तो कायद्याने तुमचा नाही. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं यांचे वेगळे मिळतात. सुरत–चेन्नई मार्गाच्या भूसंपादनावेळीही हेच सांगावं लागलं, की संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा आणि पुरलेली पाइपलाइन मोजणीदाराला उकरून दाखवा. वर दिसत नाही ते अहवालात येत नाही.

शेजारी बांधाला चिकटून खोल खड्डा घेतोय. माझी जमीन ढासळेल.

तुमच्या जमिनीला नैसर्गिक स्थितीत शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क आहे, सुविधाधिकार कायद्याचं तेच कलम ७. तो त्याच्या हद्दीत खणतोय म्हणून तुमचा बांध पाडायचा परवाना त्याला मिळत नाही. मात्र हा हक्क जमिनीचा आहे, तिच्यावर उभारलेल्या इमारतीच्या वजनाचा आपोआप नाही. शहरातल्या जुन्या वाड्याशेजारी तळघर खणायला घेतलं तर महापालिकेत तक्रार आणि कोर्टात मनाईचा अर्ज, दोन्ही ताबडतोब करा. पाऊस पडून गेल्यावर उशीर होतो.

पाया खोदताना हंडा सापडला. गप्प ठेवला तर?

ठेवू नका. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय, किती, कुठे, कधी. वस्तू कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी तारण द्यायचं. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. खरा मालक कोणी निघाला नाही, आणि सापडणारा व जागामालक वेगळे असून त्यांच्यात काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. शासनाला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येते. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकाला सहा महिन्यांपर्यंत. खणणारा मजूर असेल तर मोठा वाटा त्याचा, हे लक्षात ठेवा. त्याला दटावून हंडा घरात नेऊ नका.

"गुप्तधन काढून देतो" म्हणणारा कोणी दारात आला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. गुप्तधनासाठी किंवा पाण्याच्या शोधासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा.

आणि मूर्ती किंवा लेख कोरलेला दगड निघाला तर?

खणणं तिथेच थांबवा. फोटो काढा, जागा ताडपत्रीने झाका, तलाठ्याला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड घासू नका, शेंदूर लावू नका, तेल ओतू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती किंवा लेख हा १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतो, तो परदेशी पाठवता येत नाही आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारखं केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकामच करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे. "वाछि तो विजेयां होइवा", वाचेल तो विजयी होईल. शेजारचं हरिहरेश्वर मंदिर मातीखाली गाडलेलं होतं, ते खणून वर आलं. तो दगड कोणी पायरीला लावला असता तर आपल्या भाषेचा एवढा जुना लेख पायाखाली झिजून गेला असता. तुमच्या रानात निघालेल्या दगडावर अक्षरं दिसली तर ट्रॅक्टर बाजूला घ्या आणि आधी फोन करा.